जागल्याची काठी

कल्याण-डोंबिवलीच्या स्थानिक बातम्यांत एक ओळ इतक्या वेळा येते की वाचणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरून जाते. टिटवाळ्यात कुणी वाढदिवसाचा केक तलवारीने कापतो, आंबिवली स्टेशनाबाहेर कुणाच्या पिशवीत कोयता निघतो, आणि बातमीच्या शेवटी ठरलेलं शेपूट असतं: शस्त्र अधिनियम कलम ४ व २५, सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७(१) आणि १३५. पुढची बातमी पाणीकपातीची. पण या चार आकड्यांच्या मागे दोनशे वर्षांची एक गोष्ट आहे, आणि तिचे बरेचसे प्रसंग इथून लोकलने तास-दीड तासाच्या अंतरावर घडलेले आहेत.

अमेरिकेत बंदुकांवरचा प्रत्येक खटला फिरून फिरून एका जुन्या शब्दाशी येतो: मिलिशिया. गरज पडली की उभी राहणारी, गावकऱ्यांचीच हत्यारबंद फौज. तिथल्या राज्यघटनेची १७९१ ची दुसरी दुरुस्ती या फौजेचा उल्लेख करून शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगते. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने १८ ते ४५ वयाच्या धडधाकट गोऱ्या पुरुषांना स्वतःची बंदूक स्वतःच्या पैशाने आणून हजेरी लावायला सांगितलं होतं. म्हणजे बंदूक हे आधी काम होतं. २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा स्वतंत्र हक्क ठरवला आणि २०२२ मध्ये तर आजचा निर्बंध टिकवायचा असेल तर त्याला देशाच्या इतिहासात आधार दाखवा, अशी कसोटी घालून दिली. तेव्हापासून तिथले वकील अठराव्या शतकातली दप्तरं धुंडाळत आहेत.

आपल्याकडे मिलिशिया होती का? होती, आणि भरपूर होती. फक्त तिला तो शब्द नव्हता.

वसई प्रांतात पोर्तुगीज जमिनी द्यायचे ते घोडा आणि हत्यारबंद माणूस ठेवण्याच्या अटीवर. मुंबई बेट इंग्रजांकडे आल्यावर गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने १६७० च्या दशकात जमीनधारकांवर पहाऱ्याची जबाबदारी टाकून पाच-सहाशे माणसांची फौज उभी केली. भंडारी मिलिशिया म्हणून ओळखली जाणारी ही मंडळी माहीम, शिवडी आणि शीव इथे ठाणी करून राहिली, आणि मुंबई पोलीस आपली वंशावळ आजही तिच्यापासून सांगतात. ज्यांना भाला धरायचा नव्हता त्या ब्राह्मण-वाण्यांनी पैसे भरून सुटका करून घेतली. पैसे भरून पहारा चुकवण्याची सोय मुंबईत अशी पहिल्यापासूनच आहे.

घाटाच्या बाजूला रीत वेगळी होती, पण हिशोब तोच. कल्याण हे मोठं बंदर. नाणेघाट, माळशेजवरून माल उतरायचा तो इथे. त्या वाटा राखायला माणसं लागत. किल्ल्यांच्या पायथ्याला मेटं, म्हणजे पहाऱ्याची ठाणी, असत आणि मेटकऱ्यांत महादेव कोळी, रामोशी, महार असे सगळे. कोळ्यांच्या नाईकांकडे वाटेची रखवाली, रामोशाकडे गावची राखण, महाराकडे जागल्याचं काम, वेशीची आणि हद्दीची जबाबदारी. मोबदला म्हणून इनाम जमीन, बलुतं, वाटसराकडून ठरलेला हक्क. तलवार, भाला, तोड्याची बंदूक ही या कामाची अवजारं होती, जसा कुणब्याचा नांगर. नांगराला कुणी परवाना मागतं का?

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि हा हिशोब मोडला. किल्ले रिकामे केले गेले, मेटं उठली, नाईकांचे हक्क कमी झाले किंवा गेले. कंपनी सरकारला पगारी पोलीस हवे होते आणि डोंगरात हत्यार घेऊन फिरणारा, कुणाच्या हजेरीपटावर नसलेला माणूस नको होता. आता हा हत्यारबंद माणूस पोट कसं भरणार? पुरंदरच्या मुलखात उमाजी नाईकाने त्याचं उत्तर दिलं आणि १८३२ मध्ये पुण्यात त्याला फाशी झाली. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश या लष्करी अधिकाऱ्याने या काळात रामोशांवर आणि महादेव कोळ्यांवर स्वतंत्र वृत्तांत लिहिले. त्याची दृष्टी बंदोबस्त करणाऱ्याची आहे, तरीही हक्क बुडाल्याची तक्रार त्याच्या पानापानांतून डोकावते. दरोडेखोर आणि रखवालदार ही माणसं वेगवेगळी नव्हती. काल ज्याला वाट राखायला ठेवलं होतं, तोच आज वाट अडवत होता.

अकोले तालुक्यातल्या डोंगरातला राघोजी भांगरे हा याच पट्ट्यातला. त्याचा बाप रामजी कंपनीशी लढलेला. राघोजीने १८४४-४५ मध्ये नाशिक, नगर, ठाणे, पुणे या जिल्ह्यांच्या सीमेवरचा डोंगर पेटवला. १८४८ च्या जानेवारीत तो पंढरपुरात सापडला आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. ठाण्याचा तुरुंग म्हणजे ठाण्याचा किल्ला: पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, मराठ्यांनी पुरा केलेला, इंग्रजांनी कोठडी केलेला. जुन्या मिलिशियाचा एक वारस जुन्या किल्ल्यातच संपला.

इथवर गावची हत्यारबंद राखण मोडीत निघाली होती, पण हत्यारं घराघरांत होती. १८५७ च्या उठावाने सरकारची झोप उडाली. त्याच वर्षी शस्त्रं-दारूगोळा बनवणं, विकणं आणि बाळगणं यांवर बंधनं घालणारा कायदा घाईने झाला. १८६० मध्ये त्याची जागा दुसऱ्याने घेतली, आणि १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या सरकारने अकरावा अधिनियम आणला: हिंदुस्थानचा शस्त्र कायदा. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा त्याच साली, त्याच हातांनी केलेला होता.

या कायद्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. बंदुका तर आल्याच, पण संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती आणि धनुष्यबाणसुद्धा. ठाणे जिल्ह्यातल्या वारली-कातकऱ्याच्या झोपडीत टांगलेला तिरकमठा आणि पलटणीची रायफल कायद्याच्या एकाच वाक्यात बसली. परवाना द्यायचा की नाही हे जिल्ह्याच्या साहेबाच्या मर्जीवर. आणि सवलतीची यादी वेगळी: युरोपीय, युरेशियन, अमेरिकन, आर्मेनियन यांना परवाना लागत नसे. एतद्देशीयांत संस्थानिक, दरबारी मानाचे सरदार, पदवीधारी यांची वर्णी लागे. बाकीच्यांनी रानडुक्कर शेतात शिरलं की डबा वाजवावा. पिकं आणि गुरं जातात ही तक्रार तेव्हाच्या देशी पत्रांनी आणि सभांनी वर्षानुवर्षं केली, आणि ती नुसती वकिली नव्हती.

१ ऑक्टोबर १८७८ पासून कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली. पाच महिने झाले नाहीत तोच, फेब्रुवारी १८७९ मध्ये, पुण्याच्या लष्करी हिशोब खात्यातला एक कारकून रामोशांची टोळी जमवून धामारी गावावर चालून गेला. वासुदेव बळवंत फडके मूळचे पनवेलजवळच्या शिरढोणचे. शाळेची काही वर्षं त्यांनी कल्याणात काढली होती. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसं मरताना त्यांनी पाहिली होती. बंडाचं मूळ त्या दुष्काळात आहे, शस्त्र कायद्यात नाही, हे मान्य केलंच पाहिजे. पण बंड कसं संपलं ते समजायला कायदा उपयोगी पडतो. फडक्यांच्या आत्मवृत्तात पैशाची आणि भरवशाच्या माणसांची चणचण पुन्हा पुन्हा येते. त्यांनी हाताशी धरलेले रामोशी-कोळी म्हणजे साठ वर्षांपूर्वी राखणीतून उठवलेल्यांची नातवंडं. त्यांच्याकडे डोंगराची माहिती होती, चपळाई होती, थोड्या बंदुका आणि तलवारी होत्या. समोर मेजर डॅनियलची पलटण आधुनिक रायफली घेऊन उभी. मे महिन्यात फडक्यांचा साथीदार दौलतराव नाईक पनवेलजवळ पळस्पे आणि चिखली लुटून घाटावर परतताना गोळीला बळी पडला, आणि बंडाचा कणा मोडला. जुलैत फडके विजापूरकडच्या मुलखात पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या कैदेत त्यांचा अंत झाला.

आता गोष्टीचा तो भाग, जो सहसा सांगितला जात नाही. हिंदुस्थानात मिलिशियाचा कायदा याच काळात होता, फक्त तो दुसऱ्यांसाठी होता. १८५७ मध्ये आणि नंतर १८६९ मध्ये स्वयंसेवक पलटणींचे कायदे झाले. कागदावर वर्णाचा उल्लेख नव्हता, व्यवहारात दार गोऱ्यांना आणि अँग्लो-इंडियनांनाच उघडं. कल्याण तेव्हा जी.आय.पी. रेल्वेचं मोठं जंक्शन. त्या रेल्वेची स्वतःची स्वयंसेवक पलटण होती आणि युरोपीय, अँग्लो-इंडियन नोकरांनी तिच्यात नाव घालणं जवळजवळ सक्तीचंच मानलं जाई. एकाच गाडीवरचा गोरा ड्रायव्हर रविवारी रायफलीची कवायत करी. कोळसा टाकणाऱ्या फायरमनच्या घरी आजोबांची तलवार निघाली तर खटला.

१८८५ मध्ये रशिया अफगाण सीमेवर आला तेव्हा मुंबई, मद्रास, कलकत्त्यातल्या सुशिक्षितांनी आम्हालाही स्वयंसेवक करा म्हणून अर्ज केले. सरकारने नकार दिला. त्याच डिसेंबरात मुंबईत काँग्रेस भरली, आणि पुढच्या वर्षापासून स्वयंसेवक दलात प्रवेशाची मागणी तिच्या ठरावांत आली. १८८७ मध्ये मद्रासला बिपिनचंद्र पालांनी शस्त्र कायद्याविरुद्धचा ठराव मांडला. या दोन मागण्या जोडीने येत राहिल्या, आणि त्यामागे पक्का तर्क होता: हत्यार देत नसाल तर पलटणीत तरी घ्या. देशाच्या रक्षणाचं कर्तव्य मागत मागत शस्त्राचा हक्क मिळवायचा, ही ती वाट.

लष्कराची दारंही याच काळात आतून बंद होत होती. लढवय्या जातींचं शास्त्र निघालं आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची लष्करभरती थांबली. कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यान् पिढ्या काढलेल्या जमातीला गावकीकडे परत पाठवण्यात आलं. सुभेदार रामजी सकपाळांच्या घरात तेव्हा भीमराव नावाचं तान्हं मूल होतं. त्याचं नाव पुढे येईल.

ज्यांना कायद्याच्या दाराने जायचं नव्हतं त्यांनी छुपे रस्ते काढले. १९०९ मध्ये लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन या स्वयंपाक्याच्या पेटीतून वीस ब्राउनिंग पिस्तुलं मुंबईला पाठवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे या विशीही न गाठलेल्या मुलाने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या त्यातल्याच पिस्तुलातून. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी झाली, कुठे, तर पुन्हा ठाण्याच्या त्याच किल्ल्यात. पिस्तुलांचा माग काढत सरकार लंडनपर्यंत पोचलं होतं. परवाना नसलेल्या हत्यारालाही इतिहास असतो, आणि पोलीस तो वाचू शकतात.

पहिल्या महायुद्धात सरकारला माणसं कमी पडली तेव्हा चित्र थोडं पालटलं. १९१७ च्या हिंदुस्थान संरक्षण दलाच्या कायद्याने गोऱ्या प्रजाजनांना सक्तीची आणि हिंदींना ऐच्छिक सेवा ठरवली. मंडालेहून परतलेले टिळक भरतीच्या बाजूने बोलू लागले, पण अट घालून: आमच्या मुलांना अधिकारपदं द्या. महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देईन, नाहीतर हा दंड घ्या म्हणून त्यांनी गांधींकडे पन्नास हजारांचा धनादेश पाठवल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. गांधींनी तो परत केला. १९१८ मध्ये खेड्याखेड्यांत भरतीसाठी फिरताना गांधींनी काढलेल्या पत्रकात शस्त्र कायदा हे इंग्रजी राज्याचं सर्वांत काळं कृत्य म्हटलं होतं. ज्यांना अहिंसेचा पुतळा म्हणून आपण चौकात उभं केलं, त्यांनी १९३० च्या अकरा मागण्यांतही स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मागितले होते. लोकांच्या नियंत्रणाखाली, ही त्यांची पुस्ती.

१९२० मध्ये गोऱ्यांसाठी सहायक दल आणि हिंदींसाठी प्रादेशिक दल असे दोन कायदे झाले. शस्त्र नियमांतली वर्णाची उघड सवलतही याच सुमारास काढली गेली. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला, नियम आणि मर्यादा पाळून.

आणि मग डिसेंबर १९४८ चे पहिले दिवस. घटना समितीत स्वातंत्र्याच्या हक्कांचा अनुच्छेद चर्चेला होता. हरि विष्णू कामत, आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या पक्षात गेलेले मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य, उभे राहिले आणि कराचीचा तोच हक्क घटनेत घाला म्हणाले. उत्तर द्यायला उभे होते डॉ. आंबेडकर. ज्या जमातीचं हत्यार आणि वर्दी सरकारने काढून घेतली होती, तिच्यातला हा माणूस. १९४१ मध्ये महार रेजिमेंट पुन्हा उभी राहावी म्हणून सरकारशी भांडलेला. त्यांनी हा हक्क नाकारला. गुन्हेगारांनाही तो द्यायचा का, हा त्यांचा एक प्रश्न. दुसरा मुद्दा जास्त खोल होता: आजच्या स्थितीत आग्रह धरायचा तर शस्त्र धरण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा धरा. संकट आलं तर प्रत्येकाने उभं राहावं, आणि तशी सेवा सक्तीची करण्याची मुभा मसुद्यात आहेच. आजच्या घटनेत ती अनुच्छेद २३ च्या दुसऱ्या पोटकलमात आहे. कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली.

माझ्या मते आपल्या शस्त्र कायद्याच्या इतिहासातला हा खरा वळणबिंदू आहे, १८७८ नव्हे. अमेरिकेने मिलिशियाच्या कर्तव्यातून सुरुवात केली आणि हक्कावर येऊन थांबली. आपण पन्नास-साठ वर्षं हक्क मागितला आणि तो हातात आला त्या क्षणी कर्तव्य निवडलं. जुन्या गावकीत गुलामीचा वेठबिगार पहारा पाहिलेल्या माणसाने हे करावं, यात आणखी एक पेच आहे. महार वतन नष्ट व्हावं म्हणून आंबेडकर १९२८ पासून विधेयकं आणत होते. त्यांना पहारा हवा होता, पण नागरिकाचा, वतनदाराचा नको. कनिष्ठ गावकी वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये झाला, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. केंद्राचा नवा शस्त्र कायदा त्याच्या पुढच्याच वर्षी आला.

तो १९५९ चा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. जुन्या कायद्याच्या तारखेलाच, चौऱ्याऐंशी वर्षांनी. विधेयक मांडताना सरकारने कबूल केलं की जुना कायदा सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता. धनुष्यबाण सुटला. तलवार-भाल्याला सरसकट परवाना राहिला नाही. सरकार अधिसूचना काढेल त्या भागापुरताच तो लागतो. बातमीतलं कलम ४ ते हेच. स्वसंरक्षणाला निदान वीस इंच नळीची साधी बंदूक किंवा पीक राखायला ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, असंही कलम १३ म्हणतं. तरी सांगाडा जुनाच: परवाना, चौकशी, अधिकाऱ्याचा निर्णय, आणि कलम ४१ मध्ये सरकारला हवं त्याला सूट देण्याचा अधिकार. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या आणि लग्नातल्या हवेतल्या गोळीबारालाही शिक्षा लावली. परवान्याचं हत्यार शहाण्याच्याच हातात राहतं असा आपला समज असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यातच गोळीबार झाला आणि कल्याण पूर्वच्या आमदाराला अटक झाली, तेव्हा या भागात तो समज बराच हलला.

जुनी मिलिशिया आजच्या कायद्यात कुठे दिसते, असं विचारलं तर दोन जागा दाखवता येतात. कर्नाटकातल्या कोडगूत ‘जम्मा’ जमीन होती: कमी साऱ्यावर, पण हाक येताच हत्यार घेऊन हजर राहण्याच्या बोलीवर. आपल्या नाईकांच्या इनामासारखीच. फरक एवढा की १८५७ नंतर इंग्रजांनी कोडवांना निष्ठेबद्दल शस्त्र कायद्यातून सूट दिली आणि राघोजीच्या माणसांची हत्यारं काढून घेतली. ती सूट अजून चालू आहे. २०१९ मध्ये केंद्राने ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वैध ठरवली.

दुसरी जागा कलम ४५. शस्त्र कायदा कुणाला लागू नाही याच्या यादीत प्रादेशिक सेना आणि एनसीसी यांची नावं, त्यांच्या १९४८ च्या कायद्यांसह, आहेत. दोन्हींचं कूळ १९१७ आणि १९२० च्या त्या दलांपर्यंत जातं. कल्याणच्या कॉलेजातली मुलगी एनसीसीच्या फायरिंगला जाऊन पॉइंट टू टू रायफल उचलते तेव्हा ती १८८५ मधला तो फेटाळलेला अर्जच मंजूर करून घेत असते.

आणि होमगार्ड. डिसेंबर १९४६ मध्ये, दंगलींच्या दिवसांत, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई प्रांताने हे दल देशात पहिल्यांदा उभं केलं. १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला. पोटाला दुसरा उद्योग असलेली, बोलावलं की येणारी गावची माणसं: आँजियरला हे लगेच कळलं असतं.

अनंत चतुर्दशीच्या रात्री ती मोहने-आंबिवलीच्या नाक्यावर उभी दिसतात. त्या सुमारास ठाणे पोलीस आयुक्तालयाचा मनाई आदेश बहुधा असतोच, साधारण पंधरा-पंधरा दिवसांचा, कलम ३७(१) खालचा. शस्त्रं, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, लाठ्या, काठ्या घेऊन फिरायला त्यात बंदी असते. शेवटच्या ओळीत बंदोबस्तावरच्या माणसांना सूट असते. मिरवणूक वळणाशी अडकते, मागून ढोल दाबतात, आणि खाकीतला होमगार्ड हातातली काठी आडवी धरून पोरांना मागे सारतो.